थाप कोशात शोभली पाहिजे

‘ठाणवई’ हा शब्द घ्या. समोर चार चिठ्ठ्या आहेत. ‘घोड्याच्या पायाखाली अंथरायचे वाळके गवत.’ ‘पहारेकऱ्याची रात्री बसायची जागा.’ ‘दिवा ठेवण्याचे उभे साधन.’ ‘न हलता एका पायावर उभे राहण्याचा मुलांचा खेळ.’ यातला एकच अर्थ कोशातला आहे. बाकीचे तीन खेळणाऱ्यांनी बसल्या जागी रचलेले आहेत. खरा कोणता?

खेळ बहुतेकांना माहीत असेल. ज्याच्या हातात शब्दकोश असतो तो एक अनोळखी शब्द निवडतो आणि मोठ्याने सांगतो. बाकीचे आपापल्या चिठ्ठीवर त्याचा खोटा अर्थ लिहून देतात. कोशवाला खरा अर्थ तशाच चिठ्ठीवर उतरवतो, सगळ्या चिठ्ठ्या पिसतो आणि एका सुरात वाचून दाखवतो. मग मतदान. खरा अर्थ ओळखला की गुण, आपल्या थापेला कुणी फसले की गुण, आणि कुणालाच खरा अर्थ ओळखता आला नाही तर कोशवाल्याला गुण. याला फिक्शनरी म्हणतात, कुणी नुसते डिक्शनरी म्हणतात. 1984 साली टोरांटोमध्ये याच खेळाची ‘बॉल्डरडॅश’ नावाची पेटी निघाली. त्याआधी 1965 पासून बीबीसीवर ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा कार्यक्रम होता. त्यात तिघांचा एक संघ एकाच शब्दाचे तीन अर्थ सांगे, दोन खोटे आणि एक खरा, आणि समोरच्या संघाने खरा ओळखायचा. माणसे कमी असली तर ही दुसरी रीत जास्त रंगते, कारण तिथे चिठ्ठीबरोबर चेहराही वाचावा लागतो.

मराठीत हा खेळ कसा खेळावा, हा माझा खरा विषय. नियम कुठल्याही भाषेत तेच राहतात, पण थाप रचायची कला भाषेगणिक बदलते. मराठीत चांगली थाप कशाने पटते, याचा विचार करायला लागले की शब्दाला अर्थ चिकटतो कसा याचेच धागे हाती लागतात.

ठाणवईकडे परत येऊ. खरा अर्थ दिव्याचा. पण ‘ठाण’ कानावर पडले की डोके आपोआप घोड्याच्या ठाणाकडे, पोलिसांच्या ठाण्याकडे, ठाण मांडून बसण्याकडे धावते. तिन्ही थापा याच मुळातून फुटलेल्या आहेत, आणि खरा अर्थही तिथूनच आलेला दिसतो: उभे राहणे, एका जागी स्थिर असणे. म्हणून ही फेरी चांगली. ज्या शब्दाचे मूळ अर्धवट ओळखीचे वाटते, त्यावर सगळ्यांच्या थापा एकाच गावच्या होतात आणि निवड अवघड होते. मूळच लागत नसलेल्या शब्दावर मात्र जो तो वाटेल ते लिहितो, आणि खरा अर्थ आपल्या कोरडेपणामुळे उघडा पडतो.

आता लिंग. नवखे खेळाडू इकडे लक्ष देत नाहीत आणि फसतात. मराठीत वस्तूचे आकारमान पुष्कळदा लिंगात दडलेले असते. सुरा मोठा, सुरी लहान. पळा मोठा, पळी लहान. गोळा आणि गोळी, दोर आणि दोरी, लोटा आणि लोटी. त्यामुळे ‘अडणी’ असा शब्द दिला आणि कुणी लिहिले, ‘किल्ल्याच्या दरवाजाला आतून लावायचा प्रचंड ओंडका’, तर मराठी कान तिथेच अडखळतो. एवढ्या मोठ्या ओंडक्याला ईकारान्त स्त्रीलिंगी नाव मिळण्याची शक्यता कमीच. खरा अर्थ आहे शंख किंवा ताट ठेवण्याची तीन पायांची छोटी बैठक, आणि शब्दाचे रूप त्या लहानपणाशी इमान राखून आहे. खेळताना हा नियम कुणी तोंडाने सांगत नाही, तरी मत देताना तो सगळ्यांच्या मनात काम करत असतो. तसेच ‘णे’ने संपणाऱ्या शब्दांचे. लाटणे, कोरणे, उलथणे, खेळणे ही साधनेही आहेत आणि क्रियापदेही. असा शब्द आला की थाप मारायला दोन वाटा खुल्या असतात. कोशवाल्याने शब्दाबरोबर ‘नाम’ की ‘क्रियापद’ हे सांगावे की नाही, यावर आधीच एकमत करून घ्यावे. माझ्या मते सांगावे, आणि लिंगही सांगावे. त्याने खेळ सोपा होत नाही, थापांचा दर्जा वाढतो.

नादाची गोष्ट याहून गमतीची. मराठीत ‘ढ’ने सुरू होणारे शब्द जड, गोल, बोजड वाटतात: ढेकूळ, ढिगारा, ढेरी, ढोल, ढिम्म. ‘फ’मध्ये हवा भरलेली असते: फुगा, फुंकर, फेस, फोफसा. ‘चि’ आणि ‘कि’ने बारीकसारीक गोष्टींची नावे सुरू होतात: चिमुकला, चिटुकला, किरकोळ, किडूकमिडूक. खेळाडू नकळत या नादावर विसंबतो, थाप मारतानाही आणि मत देतानाही. म्हणून नादाच्या उलट जाणारा खरा शब्द हातात असला की कोशवाल्याची चांदी. ‘ढलपी’ देऊन पाहा. ज्यांना शब्द माहीत नाही ते हमखास दगड, गठ्ठा, फुगलेले पोट असले काहीतरी लिहितात. खरी ढलपी म्हणजे लाकडाचा पातळ तुकडा, तासताना निघतो तो. ‘भेंड’चेही तेच. ऐकायला भारी, पण वस्तू आहे ती वजनाने अगदी हलकी: पाणवनस्पतीच्या खोडातला पांढरा मऊ गर.

पण सगळ्यात रंगतदार फेऱ्या होतात त्या निव्वळ अनोळखी शब्दांवर नव्हे, अर्ध्या ओळखीच्या शब्दांवर. मराठीत असे शेकड्यांनी शब्द आहेत, जे आता फक्त वाक्प्रचारात उरले आहेत. ‘वावडी उठली’ असे आपण सर्रास म्हणतो. वावडी म्हणजे काय? हा प्रश्न टाकून थोडे थांबले की प्रत्येकाच्या लक्षात येते, की शब्द आयुष्यभर वापरला पण वस्तू कधी विचारली नाही. मग चिठ्ठ्या येतात: ‘दवंडी पिटणाऱ्याचे लहान वाद्य’, ‘वावटळीत उडणारा पाचोळा’, ‘खोटी बातमी आणणारी बाई’. दवंडीवाली थाप मते लुटते, कारण तिचा यमकही जुळतो आणि अर्थही अफवेजवळ जातो. खरे तर वावडी म्हणजे पतंग. हे कळल्यावर ‘उठली’, ‘उडवली’ ही क्रियापदे तिथे का आहेत हे एकदम दिसते, आणि त्या क्षणी होणारा आनंद गुणांपेक्षा मोठा असतो.

‘लोढणे’ तसेच. गळ्यात लोढणे अडकले म्हणजे नकोशी जबाबदारी आली, हे सगळ्यांना ठाऊक. ते लाकडाचे असते, ओढाळ गुराने पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात बांधतात, हे सांगणारे आता थोडे. ‘चऱ्हाट लावणे’ म्हणजे लांबण लावणे; चऱ्हाट हा जाडजूड दोर. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण पाठ असते, पण आढे म्हणजे छपराचा कणा आणि वळचण म्हणजे छपराची खालची कड, हे विचारल्यावर अंदाज सुरू होतात. ‘वळचण’वर मी वाचलेली सर्वांत पटणारी थाप होती ‘पाणी वळवण्यासाठी काढलेली लहान चर’. वळणे आणि चर, दोन्ही शब्दात ऐकू येतात. कोशात असती तर कुणी हरकत घेतली नसती.

थापेची भाषा हा स्वतंत्र मुद्दा आहे. अर्थ कितीही छान सुचला तरी तो गोष्ट सांगितल्यासारखा लिहिला की पकडला जातो. कोशाची बोलण्याची एक ढब असते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग 1932 ते 1938 या काळात निघाले आणि 1950 साली पुरवणी आली. त्यातली कुठलीही नोंद पाहिली की ढब कळते. आधी लिंग किंवा शब्दजात: पु., स्त्री., न., क्रि. मग प्रांत किंवा वापर: (कों.), (व.), (गो.), (ल.), म्हणजे कोकण, वऱ्हाड, गोवा, लाक्षणिक. मग अर्थ, आणि अर्धविरामाने जोडलेले दोन-तीन जवळचे शब्द. शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती: [सं.], [फा.], [का.], [ध्व.], म्हणजे संस्कृत, फारसी, कानडी, ध्वनीवरून. पूर्ण वाक्य क्वचितच. ‘जेव्हा लोक एखाद्याची वाट पाहून कंटाळतात तेव्हा जी भावना होते तिला म्हणतात’ अशी थाप कोशात कधीच बसणार नाही. ‘वाट पाहून आलेला कंटाळा, तिष्ठणे, खोळंबा’ ही बसेल. दुसरी गोष्ट, खऱ्या नोंदीत एखादा बारकावा असतो जो कुणी मुद्दाम रचला नसता. ‘लाकडी भांडे’ यापेक्षा ‘पाभरीच्या नळ्यांवर बसवलेले, बी सोडण्याचे वाटीसारखे लाकडी पात्र’ हे खरे वाटते, आणि खरे आहेही: ‘चाडे’ या शब्दाचा तो अर्थ. थाप मारणाऱ्याने असा एकच बारकावा घालावा. दोन घातले की अर्थ सजवलेला दिसतो.

व्युत्पत्ती जोडायचा मोह मात्र आवरावा. ‘[फा.]’ लिहिले की भारदस्त वाटते खरे, पण फारसीत ट, ठ, ड, ढ, ण, ळ हे वर्ण नाहीत. उसने आलेले शब्द मराठीत रुळताना बदलतात हे मान्य, तरी ठ आणि ळ दोन्ही असलेल्या शब्दाला फारसी ठरवले तर जाणकार लगेच भुवई उंचावतो.

खऱ्याखुऱ्या कोशांतही थापा शिरल्या आहेत, आणि त्या पकडल्या गेल्या त्या याच वाटांनी. 1903 साली रूपर्ट ह्यूजच्या संगीतकोशात शेवटची नोंद एका माओरी ढोलाची होती, झेड-झेड-एक्स-जे अशा अक्षरांनी सुरू होणारी. माओरी भाषेत झेड, एक्स, जे ही अक्षरेच नाहीत, तरी ती नोंद कित्येक दशके खपून गेली. वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात ‘डोर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मुळात ती ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचे संक्षेप, असे टिपण होते. कुणीतरी ते सलग वाचले आणि शब्द जन्माला आला. 1939 साली एका संपादकाला या नोंदीपुढे व्युत्पत्तीच नाही हे खटकले आणि तिचे बिंग फुटले. तिसरे उदाहरण जाणूनबुजून केलेले. 2001 च्या ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’त ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा बनावट शब्द घातला होता, अर्थ ‘आपली कर्तव्ये मुद्दाम टाळणे’. कुणी कोश चोरून छापला तर हा शब्द त्याच्याकडेही सापडावा, हा हेतू.

शब्द कुठून काढायचे? मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) शब्दांची खाणच आहे. पण तिथे अर्थ इंग्रजीत आहेत आणि कोशवाल्याला ते आयत्या वेळी मराठीत आणावे लागतात. त्या घाईत केलेला तर्जुमा ताठर होतो आणि खरी चिठ्ठी वाचतानाच ओळखू येते. म्हणून मोल्सवर्थमधून शब्द घ्यायचा तर अर्थ आदल्या दिवशीच लिहून, मोठ्याने वाचून, गुळगुळीत करून ठेवावा. शास्त्रीय संज्ञा, औषधी वनस्पतींची संस्कृत नावे, जातिवाचक आणि शिवीसारखे शब्द मी निवडतच नाही. पहिल्या दोहोंत रचायला काही नसते, आणि बाकीच्यांत खेळ दुखावणारा होतो.

एक गोष्ट कोशवाल्याने ध्यानात ठेवावी. मराठी शब्द सगळ्यांना सारखा अनोळखी नसतो. ‘चाडे’ एकाला परका, तर शेतात वाढलेल्या दुसऱ्याला रोजचा. शब्द उच्चारल्यावर ज्याला अर्थ ठाऊक असेल त्याने तो गुपचूप कोशवाल्याला लिहून द्यावा आणि पूर्ण गुण घ्यावेत. त्या फेरीत त्याने मत देऊ नये.

यातूनच एक वाद नेहमी उभा राहतो, आणि त्यावर इथल्या मंडळींची मते ऐकायला मला आवडतील. समजा शब्द आला ‘जोते’. कोशवाल्याच्या चिठ्ठीवर आहे ‘घराचा चौथरा’. एकाने लिहिले ‘बैल जुवाला जुंपायचा पट्टा’. दोन्ही अर्थ खरे आहेत. काही जण म्हणतात, कोशवाल्याने निवडलेला अर्थच ग्राह्य. मला हे पटत नाही. अर्थ खरा असेल तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि फेरी रद्द करावी, कारण निवडण्याआधी सगळे अर्थ तपासणे हे कोशवाल्याचे काम होते. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे कुणी सांगतो, ‘कोशात नसेल, पण आमच्याकडे हा शब्द याच अर्थाने वापरतात.’ खेळाच्या गरमागरमीत हा दावा थाप समजून उडवला जातो. तसे करू नये. त्या माणसाला शब्द वापरून दोन वाक्ये बोलायला सांगावे. खरा वापर असेल तर वाक्ये अडखळत येत नाहीत, शब्दाचे लिंग आणि सामान्यरूपही चोख येते. मग तो अर्थ, प्रांत आणि ती वाक्ये वहीत टिपून घ्यावीत. कोशांना न सापडलेले वापर असेच हाती लागतात.

तुमच्याकडे असे अर्धवट ओळखीचे किंवा वाक्प्रचारात अडकलेले शब्द असतील तर जरूर द्या. पण अर्थ लगेच नको. नुसता शब्द आणि त्याचे लिंग लिहा, बाकीच्यांना आधी रचू द्या.