मदत हवी आहे: सिगारेट सोडून वाचलेले पैसे खरोखर शिल्लक कसे राहतील?

मी दिवसाला सरासरी १२ सिगारेटी ओढत असे. त्या पूर्णपणे बंद करून आज २३ दिवस झाले. वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा ४,३८० सिगारेटी हा आकडा समोर आला आणि सोडण्याचा निश्चय आरोग्याच्या भीतीपेक्षा त्या आकड्यानेच पक्का केला, हे कबूल करायला हवे. अडचण अशी आहे की वाचलेली रक्कम कागदावर दिसते, खात्यात मात्र दिसत नाही.

मागच्या प्रयत्नात महिनाअखेरीस उरेल ते बाजूला ठेवायचे ठरवले होते. काहीच उरले नाही. नंतर रोज रात्री डब्यात रोख टाकून पाहिली, पण तलफ आली की तोच डबा सिगारेटच्या पाकिटासाठी हाताशी येई. बचत दाखवणारे मोबाइल ॲपही वापरले, परंतु ते केवळ आकडा वाढवत राहते.

सध्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असल्यामुळे, ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम (तलफ कमी करण्यासाठी चघळायचा) घेत आहे. तो साधारण १२ आठवडे, हळूहळू कमी करत, चालेल. त्यामुळे सुरुवातीच्या बचतीचा काही भाग त्यावरच जातो. घरखर्चाचे खाते पत्नीबरोबर संयुक्त आहे. व्हेपचा (ई-सिगारेटचा) पर्याय नको आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे: रक्कम रोज वळती करावी की पगाराच्या दिवशी एकदम, आणि गमचा खर्च त्यातून वजा करावा की वेगळा धरावा?