टीममधल्या मित्राने सांगितलं, आता सरांना सांगायचं का? (सोलापूर, खेळ मुद्दाम लिहीत नाही)

पार्कावर_पहाटे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही दुसऱ्यासाठी, त्यामुळे सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय २४, एका मंडळाकडून खेळतो. कुठला खेळ ते विचारू नका, सोलापूर केवढंसं आहे, पार्क चौकात शिंकलं की सात रस्त्याला कळतं. तर मागच्या महिन्यात पंढरपूरहून मॅच खेळून क्रुझरने परत येत होतो, मोहोळला चहाला थांबलो, बाकीची पोरं टपरीवर वडे हाणत होती आणि आम्ही दोघंच गाडीला टेकून उभे. हा माझा जुना दोस्त, आठवीपासून एकाच टीममध्ये. तो एकदम म्हणाला, मला पोरी आवडत नाहीत रे, कधीच आवडल्या नाहीत. मी म्हणालो, बरं. मग चहा पिऊन गाडीत बसलो. घरी आल्यावर रात्रभर विचार करत होतो की बरं काय बरं, जरा तरी धड बोलायला पाहिजे होतं.

आता खरा घोळ पुढे आहे. आमचे सर (कोच) त्याच्यासाठी स्थळ घेऊन आलेत, त्यांच्याच नात्यातली मुलगी. त्याच्या घरचे खूश, सरांचं स्थळ म्हणजे काय. आणि पुढच्या महिन्यात राज्य टीमची निवड चाचणी आहे, तिथे सरांचा शब्द चालतो. रेल्वेत किंवा पोलिसात स्पोर्ट्स कोट्यातून लागायचं तर ते सर्टिफिकेट लागणार, म्हणजे त्याची सगळी मदार त्यावरच. तो म्हणतो सरांना खरं सांगून टाकतो, निदान ते स्थळ तरी मागे घेतील. परदेशात खेळाडू उघड सांगतात, लोक टाळ्या वाजवतात, मग मी का नको. मला काही सुचेना. काय सांगू त्याला?

काय_बे_सोलापूर

का बे, तू तर लई मोठा प्रश्न टाकलास सकाळी सकाळी. पहिली गोष्ट, तू बरं म्हणालास ते एक नंबर केलास, उगाच गळ्यात पडून रडला असतास तर त्यालाच तुझी समजूत काढत बसायला लागलं असतं. दुसरी गोष्ट, सरांना सांगायचं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत लाउडस्पीकरवर सांगितल्यासारखं, स्थळ आणणारा माणूस गप्प बसतो का कधी? आणि खेळ कुठला ते मला कळालंय पण सांगत नाय.

पार्कावर_पहाटे

भावा प्लीज गेस करू नको.

काय_बे_सोलापूर

गप बसलो.

जुनं_ते_सोनं

मला एक कळत नाही, खेळाचा आणि याचा संबंध काय? मैदानात या, खेळा, घरी जा. कोण कुणावर प्रेम करतो हे ज्याने त्याने घरात ठेवावं, हे जगाला ओरडून सांगायचं फॅड सगळं परदेशातलं. आमच्या वेळी पण असतील असे, कुणी बोललं का?

लांबउडी_ताई

मी इथे फारसं लिहीत नाही पण यावर लिहिते. मी दहा वर्षं ॲथलेटिक्स केलं, आता स्पोर्ट्स कोट्यातूनच नोकरीत आहे, त्यामुळे या भावाची अडचण मला नीट कळते.

आधी जुनं ते सोनं यांना. दादा, तुमच्या वेळी कुणी बोललं नाही म्हणजे घरात ठेवलं असं नाही, लग्न लावून दिलं गेलं, आणि मग दोन आयुष्यं घरात राहिली. क्रिकेटची मॅच लावा, दर दोन ओव्हरला कॅमेरा स्टँडमधल्या बायकोवर जातो, तेव्हा कुणी म्हणत नाही की हे घरात ठेवा. या पोराला ओरडायचं नाहीये, त्याच्या दारात स्थळ येऊन बसलंय.

आता भावाला. तुझा मित्र परदेशातलं बोलतोय पण आपल्याकडचं एक उदाहरण त्याला नीट सांग, द्युती चंद. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली, आईवडील विणकर. आमच्या घरी पण पूर्वी माग होते म्हणून ती बातमी मी जास्तच लक्ष देऊन वाचली होती. मे २०१९ मध्ये तिने सांगितलं की तिचं गावातल्याच एका मुलीवर प्रेम आहे, असं उघड सांगणारी आपली पहिली मोठी ॲथलीट. आई टीव्हीवर अशा अर्थाचं बोलली की आपण विणकर समाजातले, आपल्यात हे चालत नाही. मोठ्या बहिणीनेही उघड विरोध केला. मी तेव्हा आमच्या मातोश्रींकडे बघितलं, त्यांचा चेहरा अगदी तसाच, आपला विणकरांचा पूर्वभाग काय आणि जाजपूर काय.

पण बघ, ती बोलली कधी? त्याच्या आधी २०१४ मध्ये तिला शरीरात पुरुषी हार्मोन जास्त आहे या नियमावरून कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं होतं, तिने घरी बसून न रडता क्रीडा लवादात केस लढवली आणि २०१५ मध्ये तो नियमच थांबवला गेला. मग २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्य. १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर, ओडिशाच्या सरकारी खाण कंपनीत नोकरी. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध वगळले होते, म्हणजे गुन्हा राहिला नव्हता. एवढं सगळं पायाखाली असताना ती बोलली, आणि सांगितल्यावर दोन महिन्यांत नेपल्समध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण घेतलं, ११.३२ सेकंद. मी काही म्हणत नाही की घाबरून थांबली होती, पण घरच्यांनी हाकललं असतं तरी तिला दुसऱ्या दिवशी जेवायला मिळणार होतं. तुझ्या मित्राला मिळेल का, हा पहिला प्रश्न.

जुनं_ते_सोनं

तीच ना जी डोपिंगमध्ये सापडली? चांगला आदर्श.

लांबउडी_ताई

हो तीच, २०२३ पासून चार वर्षांची बंदी. त्याचा याच्याशी संबंध नाही, डोपिंग करणारे लग्न झालेले बाप्ये कमी आहेत का?

आणि एक राहिलं. बायकांच्या खेळात हे सोपं असतं असं लोक म्हणतात, तेही अर्धंच खरं. डब्ल्यूपीएल, बायकांची आयपीएल, बघता ना सगळे? मुंबई इंडियन्सची नॅट सिव्हर-ब्रंट, तिच्या नावातलं ब्रंट कुठून आलं ते विचारा कुणाला, इंग्लंडच्याच कॅथरीन ब्रंटशी तिचं २०२२ मध्ये लग्न झालं. न्यूझीलंडची एमी सॅटरथ्वेट आणि ली टाहुहू, साउथ आफ्रिकेची मारिझान कॅप आणि डेन व्हॅन निकर्क, दोन्ही जोड्या लग्न करून एकाच टीममधून खेळल्या. आपल्याकडचे काका लोक त्यांच्या सिक्सला टाळ्या पिटतात. पण मी ज्या होस्टेलला होते (नाव लिहीत नाही) तिथे दोन मुली एका ब्लँकेटमध्ये झोपल्या एवढ्यावरून दोघींच्या घरी फोन गेले होते. थंडी होती हो, ब्लँकेट कमी होती. एक मुलगी परत आलीच नाही, आमच्यातली सगळ्यात चांगली हर्डल्सवाली.

रात्री_दीडची_मॅच

फुटबॉलवाला हजर. ताईंनी पायाखाली काय आहे ते बघ म्हटलं त्याला अजून जोड देतो कारण परदेशात टाळ्या वाजतात हे तुझ्या मित्राने रील बघून ठरवलेलं दिसतंय.

इंग्लंडमध्ये जस्टिन फशानू म्हणून होता, दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला काळा फुटबॉलर, १९८१ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथल्या मॅनेजरच्या कानावर आलं की हा गे लोकांच्या बारमध्ये जातो, त्याने सरावालाच बंदी घातली. मॅनेजर म्हणजे आपले सर समजा. पुढे १९९० ला त्याने पेपरमध्ये स्वतःच सांगितलं, सख्ख्या भावाने जाहीरपणे नातं तोडलं, १९९८ ला आत्महत्या केली, ३७ वर्षांचा होता. त्यानंतर इंग्लंडमधला चालू प्रोफेशनल फुटबॉलर उघड बोलला तो थेट मे २०२२ ला, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय १७. मध्ये बत्तीस वर्षं गेली की हो. जर्मनीचा हिट्झल्सपर्गर देशाकडून ५२ मॅच खेळलेला, तोसुद्धा रिटायर झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये बोलला.

आता अमेरिकन फुटबॉलचे दोघे शेजारी शेजारी ठेव. मायकल सॅम, कॉलेजचा जबरदस्त डिफेंडर, फेब्रुवारी २०१४ मध्ये ड्राफ्टच्या (कॉलेजची पोरं एनएफएल, म्हणजे तिथल्या मोठ्या लीगच्या टीम निवडतात त्या) आधी जाहीर सांगितलं. ड्राफ्टमध्ये २४९ व्या नंबरला उचलला, शेवटच्या राउंडमध्ये, आणि एनएफएलच्या मुख्य सीझनची एक मॅच नशिबात आली नाही. दुसरा कार्ल नॅसिब, पाच सीझन खेळून, मोठा करार खिशात घालून जून २०२१ मध्ये बोलला, दुसऱ्या दिवशी त्याची जर्सी सगळ्यात जास्त खपली. सॅमला का मागे टाकला हे कुणी लेखी देणार नाही, कुणी म्हणेल स्पीड कमी होता, साइज कमी होती, असेलही. पण हाच तर प्रॉब्लेम आहे, निवड समितीला कारण द्यावं लागत नाही. तुझ्या मित्राला चाचणीत काढलं तर सर म्हणतील फॉर्म नव्हता पोराचा.

पण सॅमची एक गोष्ट मला लई आवडते. जाहीर करायच्या आधी, २०१३ च्या ऑगस्टमध्ये, त्याने मिझुरीच्या आपल्या कॉलेज टीमला सांगितलं होतं. अख्ख्या टीमला, कोचना सुद्धा. आणि पूर्ण सीझन एकानेही बाहेर तोंड उघडलं नाही. ती टीम त्या वर्षी १४ पैकी १२ मॅच जिंकली.

काय_बे_सोलापूर

आपल्या टीममध्ये एकाचा ब्रेकअप झाला तर संध्याकाळपर्यंत अक्कलकोटला कळतंय.

रिटायर्ड_पीटी

मी ३१ वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. ताईंचं आणि फुटबॉलवाल्याचं वाचलं, पटलं. मी सर या जातीबद्दल बोलतो कारण मी त्यातलाच.

आम्ही मैदानावर पोरांना काय काय बोललो आहोत ते आठवलं की आता लाज वाटते. बायल्यासारखा पळू नको, बांगड्या भर, हे दिवसातून दहा वेळा. त्यात काही मनात नसायचं, आमच्या गुरुजींनी आम्हाला तेच म्हटलेलं. पण एखादं पोरगं ते ऐकून आत आत जात असणार हे आम्हाला कधी सुचलंच नाही. एक उंच उडीवाला होता, फार गुणी, दहावीनंतर अचानक बंद केलं, का तर कंटाळा आला म्हणाला. खूप वर्षांनी पुण्यात भेटला, सोबत एक मित्र होता, म्हणाला सर हा माझा घरचा माणूस. मी चहा पाजला दोघांना. काय बोलायचं ते मलाही कळलं नव्हतं बाळा, मी पण बरं म्हणालो होतो.

आता मुद्द्याचं. सर वाईट माणूस असेलच असं नाही, पण स्थळ त्यांच्या नात्यातलं आहे. त्यांना खरं सांगितलंस तर ते आधी नातेवाईक होणार आणि मग कोच. चाचणीच्या तोंडावर त्यांना त्या पेचात टाकू नका. स्थळाला नकार द्यायला खरं कारण लागतंच असं कुठे लिहिलंय? नोकरी लागल्याशिवाय लग्न करणार नाही, हे कारण सोलापुरात सगळ्यांना पटतं, आणि खोटंही नाही. फक्त मुलगी बघायला जाऊ नका म्हणावं. एकदा पोहे खाल्ले की पुढे नकार दिला तर त्या पोरीच्या नावाची चर्चा होते, तिचा यात काही दोष नाही.

लांबउडी_ताई

सर, पोह्यांचं अगदी बरोबर बोललात.

जुनं_ते_सोनं

माझं म्हणणं तेच होतं की सांगू नका.

रात्री_दीडची_मॅच

काका तुमचं म्हणणं होतं की कधीच सांगू नका. इथे सगळे म्हणतायत की आत्ता सरांना सांगू नको. सांगायचं की नाही आणि कधी, ते त्याचं तो ठरवेल. क्रिकेटमध्ये इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस, त्याच्या टीमला ॲशेस दौऱ्याच्या आधीच माहीत होतं, पेपरमध्ये आलं २०११ च्या फेब्रुवारीत. म्हणजे आधी जवळची माणसं, मग बाकीचं जग. तुझ्या मित्राने पहिला माणूस बरोबर निवडलाय, तूच तो.

पार्कावर_पहाटे

सगळ्यांना थँक्यू, खरंच. त्याला हा सगळा धागा दाखवला, त्याची परवानगी न घेता लिहिलं म्हणून आधी दोन शिव्या खाल्ल्या, ते बरोबरच आहे. मग सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर बसून त्याने दोनदा वाचला. पीटी सरांचं वाचताना तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला त्या उंच उडीवाल्याने परत उडी मारली का कधी ते विचार.

घरी त्याने नोकरीचं कारण सांगितलंय. आई नाराज आहे, वडील म्हणाले पोरगं बरोबर बोलतंय. सरांनी तोंड वाकडं केलं पण सरावाला घेतलं.

मला एकच वाटतंय, नोकरी लागायला अजून तीन वर्षं लागली तर हा तीन वर्षं असाच राहणार का. त्याला विचारलं तर म्हणतो तू आहेस ना, आणि तुझा तो धागा.

रिटायर्ड_पीटी

उडी नाही मारली. आता तो सायकल चालवतो, लांब लांब जातो, फोटो पाठवतो मला. तुझ्या मित्राला सांग, चाचणीच्या आदल्या रात्री झोपायला सांग आणि नवीन बूट घालून जाऊ नको म्हणावं.

काय_बे_सोलापूर

आता खेळ कुठला ते मला खरंच कळालं नाय, बूट म्हणजे खो-खो तर नाय का बे?

पार्कावर_पहाटे

गेस करू नको म्हटलं ना.