मदत हवी आहे: फवारणी करणाऱ्या वडिलांच्या मानेत गाठ आली आहे

राळेगावकर
माझ्या वडिलांच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली असून तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘नागपूरला नेऊन तुकडा तपासून घ्या’ एवढेच सांगितले. वडील आयुष्यभर फवारणी करत आले आहेत. ही गाठ फवारणीच्या औषधांमुळेच आली का आणि या हंगामात घरातल्या कोणी पंप पाठीवर घ्यावा की नाही, हे मला आजच ठरवायचे आहे.

वर्धेकर
वय, गाठ किती दिवसांची, ताप, वजन, फवारणीची कोणती औषधे, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातात का, यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. त्याशिवाय कोणी काय सांगणार?

पऱ्हाटीवाला
२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, तेव्हा मीही सात दिवस दवाखान्यात होतो. डोळ्यांपुढे धुरकट दिसत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि अ‍ॅट्रोपिन या उताऱ्यावर मी वाचलो. वडिलांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज (विषबाधेत कमी होणारा घटक) तपासा, सगळे कळेल.

सिस्टर_वणी
भाऊ, तुम्ही भोगले ते खरे आहे, पण ही तपासणी येथे कामाची नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अलीकडे अंगात गेले का, एवढेच तिच्यातून कळते. गाठ कशाची आहे ते कळत नाही. मानेतली गाठ क्षयाचीही असू शकते, म्हणून तुकड्याची तपासणी टाळू नका.

निंबोळी_अमरावती
पाच टक्के निंबोळी अर्क वापरा, म्हणजे विषारी औषधांचा प्रश्नच उरणार नाही. कृती हवी असल्यास सविस्तर लिहितो.

राळेगावकर
वय ६१ आहे. गाठ अडीच महिन्यांची असून दुखत नाही. वजन मात्र उतरले आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पूर्वीपासून, आणि चोरबीटी (तणनाशक सहन करणारी, मान्यता नसलेली कपाशी) लावल्यापासून चार वर्षे ग्लायफोसेट हे तणनाशक. खर्रा दिवसाला तीन पुड्या, पण त्याचा संबंध असेल असे मला वाटले नाही. औषध ढवळायला काडी सापडली नाही तर ते ड्रममध्ये हात घालतात, पंपाचे झाकण गळके असल्यामुळे दुपारपर्यंत सदऱ्याची पाठ ओली होते, आणि त्याच बोटांनी ते खर्रा तोंडात टाकतात.

कृषीकेंद्र_२५वर्षे
खर्राच कारण आहे. मान्यताप्राप्त औषधांना उगाच बदनाम करू नये.

वर्धेकर
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट आणि मॅलाथिऑन हे कीटकनाशक यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, आणि लिंडेन या कीटकनाशकाला तर निश्चित कर्करोगकारक ठरवले. शिवाय कपाशीवर ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यताच नाही.

कृषीकेंद्र_२५वर्षे
अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत ग्लायफोसेटबाबत वेगळे आहे, तेही लिहा.

वर्धेकर
लिहितो, वाद आहेच. संशोधन संस्था पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे का ते पाहते, किती संपर्काने किती धोका ते ठरवत नाही. त्यामुळे एका माणसाची गाठ अमुक डब्यातून आली, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डब्यावरच्या लाल, पिवळ्या त्रिकोणावरही जाऊ नका. तो तात्काळ विषबाधेची तीव्रता दाखवतो, कर्करोगाचा धोका नव्हे.

सिस्टर_वणी
दादा, वडील खर्रा खातात हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. तोंडातल्या किंवा घशातल्या कर्करोगाची गाठ पुष्कळदा मानेतच प्रथम दिसते, म्हणून तुकडा काढण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तोंड, जीभ आणि घसा नीट तपासून घ्या. वापरलेल्या औषधांची नावे कागदावर लिहून न्या, आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा. पंपाबाबत म्हणाल तर गळके झाकण आज बदला. औषध अंगात जाते ते बहुतांशी कातडीतून. ओला सदरा लगेच उतरवून साबणाने अंग धुवावे, आणि वडिलांना तर पंपाला हातही लावू देऊ नका.

राळेगावकर
उद्या सकाळच्या गाडीने निघतो. भावाने आणलेला डबा मी अजून फोडू दिलेला नाही. झाकण मिळेपर्यंत फवारणी थांबेल. वडिलांनी जिभेखाली पांढरा चट्टा असल्याचे आत्ताच सांगितले, आणि तो दिवाळीपासून आहे म्हणतात.

सिस्टर_वणी
तो चट्टा डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवा.