गोल घुमट कोणाचा, इराणचा की दख्खनचा?

काळाफत्तर

दख्खनमधल्या मशिदी आणि मकबऱ्यांवर कुणी लिहायला बसलं की "इराणी शैलीचा उत्तम नमुना" हे शब्द ठरलेले. मला हे पटत नाही. राजे बाहेरून आले असतील, धर्मही आला असेल, पण बिजापूर आणि नगरच्या इमारतींची शैली इथल्या काळ्या दगडाने, इथल्या चुन्याने आणि इथल्या हातांनी घडवली.

मुळात मशिदीला लागतं काय? मक्केच्या दिशेची भिंत, त्या भिंतीत मिहराब (दिशा दाखवणारा कोनाडा), रांगेत उभं राहायला जागा आणि वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी. बाकी सगळं ज्या त्या मुलखाचं. मालीतली जेन्नेची मशीद अख्खी मातीची आहे. चीनमधल्या शीआनची मशीद लांबून चिनी देऊळच वाटते. श्रीनगरचं शाह-ए-हमदान लाकडाचं, उतरत्या छपराचं, वर निमुळतं शिखर. बंगालात दगड फारसा मिळत नाही, म्हणून वीट, आणि पाऊस वाहून जावा म्हणून झोपडीसारखी बाकदार वळचण. अहमदाबादेत सिदी सैयदची जाळी (१५७३ च्या सुमाराची) पाहा. दगडात झाड कोरलंय, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि कोरणारा हात गुजराती पाथरवटाचा.

मग सगळ्यांना आपापला प्रांत मिळतो आणि दख्खनलाच इराणची शाखा का ठरवायचं?

सरळसोट

कारण पुरावा दगडावर लिहिलेला आहे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद, १३६७. तिच्या शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव आहे रफी, शम्सचा मुलगा, गाव कझवीन. कझवीन इराणात आहे, कळंबजवळ नाही.

बीदरला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा (१४७२) बघा. गावान स्वतः इराणातल्या गिलानचा. मधे चौक, चारही बाजूंना उंच कमानींचे इवान (चौकाकडे उघडी दालनं), दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशांचं काम. ही इमारत उचलून ईशान्य इराणातल्या खुरासानात ठेवली तर तिथे कुणाला वेगळं वाटणार नाही.

आणि "इथले हात" म्हणताना हेही सांगा की इथले हात तोवर खांब आणि तुळई यांवर काम करत होते. देवळाचा घुमट बनायचा तो दगडाचे थर एकेक करून आत सरकवत. पाचराच्या आकाराचे दगड बसवून खरी कमान उभारायची आणि तिच्यावर रुंद जागा झाकायची, ही विद्या सुलतानांच्या काळात इथे रुजली. हातांचं कौतुक मलाही आहे, पण नकाशा कोणाचा?

काळाफत्तर

गुलबर्ग्याचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. त्या मशिदीला अंगणच नाही! इराणी मशिदीचा जीव तिच्या मधल्या उघड्या चौकात असतो. कझवीनच्या माणसाने इथे येऊन तोच झाकून टाकला, लहान लहान घुमटांच्या रांगांखाली. आत गेलं की बुटक्या, रुंद कमानी एकामागून एक पसरत जातात. इराणातली अशी एक जामा मशीद दाखवा, मी धागा मिटवतो.

बीदरचा मदरसा इराणी आहे, मान्य. म्हणून तर तो एकटा पडला. पुढे बिजापूरकरांनी फरशांचा नाद सोडला आणि दगड व गिलावा धरला. इब्राहिम रोजा (दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचा मकबरा, १६२६-२७) जवळून बघा. कमानींवर रुंद सज्जा, खाली त्याला पेलणारे कोरीव दगडी हस्त एकाला लागून एक. घुमट भिंतीवर सरळ बसत नाही, कमळाच्या पाकळ्यांतून वर येतो. खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्या आहेत. दगड कोरून शब्द शिल्लक ठेवलाय आणि उजेड त्या अक्षरांच्या फटींतून आत येतो. हस्त आणि कमळ इराणातून आले का?

घाणीचा_चुना

दोघांनीही बिजापूरच्या गोल घुमटाला अजून हात लावला नाही, म्हणून लिहितो. कामच बांधकामाचं आहे, तेव्हा थोडं लांबेल.

मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये गेला, त्याची ही कबर. दालन चौकोनी, आतून एक बाजू सुमारे ४१ मीटर. मधे एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. रोमच्या सेंट पीटरचा ४१.५, म्हणजे फार मागे नाही. प्रश्न असा की चौकोनावर गोल बसवायचा कसा? इथे आठ कमानी एकमेकींना छेदतात. वरून पाहिलं तर एकावर एक फिरवून ठेवलेले दोन चौकोन दिसतील. कमानी वर जाताना आत झुकतात, त्यामुळे वरचं तोंड लहान होतं आणि घुमट त्या तोंडावर बसतो. कुजबुज ऐकू येते ती आतली गॅलरी म्हणजे या आत आलेल्या बांधकामाचा माथा, सुमारे ३.३ मीटर रुंद.

खरी हुशारी पुढे आहे. घुमट भिंतींना बाहेर ढकलतो. आत लोंबणारं हे बांधकाम आपल्या वजनाने त्यांना आत ओढतं. दोन्ही जोर बरेचसे एकमेकांना खातात. घुमट विटांचा आणि चुन्याचा, तळाशी सुमारे तीन मीटर जाड. चुना सावकाश धरतो, त्यामुळे एवढं वजन चढवताना गवंड्याला घाई करून चालत नाही.

एवढं लोक बघत नाहीत. वर चढतात, ओरडतात, सेल्फी काढतात आणि उतरतात. असो.

सरळसोट

उत्तम लिहिलंत. फक्त छेदणाऱ्या कमानींची युक्ती बिजापूरची नाही. खुरासानात खरगिर्दचा मदरसा आहे, १४४४ मध्ये पुरा झालेला. छेदणाऱ्या कमानींवर छत पेलायची रीत तिथे आहे, गोल घुमटाच्या दोनशे वर्षं आधी. तैमूरच्या वंशजांच्या काळातल्या, म्हणजे तैमुरी उस्तादांची ती खासियत. मुद्दा माझ्याच बाजूला जातोय.

घाणीचा_चुना

खरगिर्दच्या खोल्या केवढ्या आणि हे दालन केवढं! तिथे त्या कमानींच्या मधे गिलाव्याची नाजूक नक्षी आहे, डोळ्यांना सुखावणारी. इथे नक्षी काढून टाकली आणि नुसता सांगाडा कामाला लावला. त्याआधी बिजापूरच्याच जामा मशिदीत, पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात, हीच पद्धत लहान मापात करून पाहिली होती. म्हणजे बी तिकडचं असेल, पण दोन पिढ्या मशागत इथे झाली.

स्पष्टवक्ता

तुमचा हा गोडीगुलाबीचा वाद छान चाललाय, पण दौलताबादची जामा मशीद कुणी काढली नाही. १३१८, कुत्बुद्दीन मुबारक खिलजी. आतले खांब देवळांचे, उघड दिसतात. "इथले हात" म्हणे! इथली देवळं मोडून आणलेले खांब म्हणा.

मराठवाडी

दौलताबादचे खांब देवळांचे आहेत, त्यात वाद नाही आणि ते लपवायचं कारणही नाही. (आज त्याच इमारतीत भारतमातेचं मंदिर आहे.) पण ती नव्याने जिंकलेल्या मुलखातली इमारत. इब्राहिम रोजा तिच्यानंतर तीनशे वर्षांनी झाला, तो मोडतोडीच्या मालाचा नाही. दोन्हींना एकच निकाल लावता येणार नाही.

आणि सिंदखेडराजाला जाऊन या. लखुजी जाधवांची समाधी आहे. जिजाऊंचे वडील, १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाहाने दगा देऊन मारलेले. ज्यांनी मारलं त्यांच्याच मुलखातल्या घाटाची, भल्या थोरल्या घुमटाची इमारत जाधवांनी उभी केली. वेरूळला मालोजीराजांची समाधी तशीच. ही शैली त्यांना परकी वाटली असती तर घरच्या माणसाच्या समाधीला वापरली असती का?

स्पष्टवक्ता

राज्यकर्त्यांची फॅशन सरदार उचलतात. यात आपलेपणा कुठून आला?

मराठवाडी

फॅशन एका पिढीत उतरते. घुमट आणि महिरपी कमानी मराठी देवळांत, वाड्यांत पेशवाईपर्यंत टिकल्या, निजामशाही आणि आदिलशाही बुडाल्यावरही.

सरळसोट

काळाफत्तर, मग बीबीचा मकबरा कुठे बसवणार? दगड इथला, गिलावा इथला. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला, मधे सगळा काळा दगड गिलाव्याखाली झाकलेला. तुमच्या व्याख्येने तो दख्खनी ठरायला हवा. पण बांधणारा अताउल्ला, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि इमारत पाहून कुणालाही आग्रा आठवतो.

काळाफत्तर

तो मुघलच. कारण तिथे दगडाला काही बोलूच दिलेलं नाही, वरून पांढरा रंग चढवून आग्र्याचं सोंग दिलंय. मिनार इतके जवळ घेतलेत की मधली इमारत आवळल्यासारखी दिसते. सामान इथलं असणं पुरेसं नाही, सामानाच्या कलाने इमारत वळली पाहिजे. बिजापुरात ती वळली, औरंगाबादेत वळली नाही.

सरळसोट

बिजापुरातही गिलावाच आहे की! गोल घुमटाच्या भिंतीही गिलाव्याने झाकलेल्या होत्या, आज बराच उडालाय म्हणून तुम्हाला काळा दगड दिसतो. आदिलशाहाला तो दाखवायचाच नव्हता.

घाणीचा_चुना

गिलावा होता हे खरं. पण सज्जाखालचे ते थोराड हस्त बघा. गिलाव्याचा थर कितीही चढवा, ते लपत नाहीत, आणि लपवायचे असते तर एवढे पुढे काढलेच नसते.