चेसिसच्या मानेला गेलेली भेग: वेल्डिंग करावे की फ्रेमच बदलावी?

सह्यवाट:
माझ्या मोटारसायकलची फ्रेम पोलादी नळ्यांची आहे. कोनसेट (हँडल फिरते ते बेअरिंग) बदलण्यासाठी टाकी उतरवली, तेव्हा हेड पाइपला, म्हणजे हँडलचा दांडा ज्यातून जातो त्या फ्रेमच्या मानेला, पुढची तिरकी नळी जिथे जोडली आहे, तिथल्या वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून आलेला गंजाचा ओघळ दिसला. एक कारागीर आर्गन वेल्डिंग करून वर पट्टी मारून देण्यास तयार आहेत. मला ते मान्य नाही. ब्रेक मारताना आणि खड्ड्यात चाक आदळताना पुढच्या चाकाचा सगळा भार हेड पाइपमधूनच फ्रेममध्ये जातो. हा जोड तुटला, तर गाडी सावरण्याची संधी चालवणाऱ्याला मिळत नाही. भाराखालचा मुख्य भाग भेगाळला की तो बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

भट्टीकाठ:
मी याच कामात आहे आणि आपल्याशी असहमत आहे. कारखान्यातली फ्रेमही वेल्डिंगनेच जोडलेली असते, त्यामुळे वेल्ड झाला एवढ्यावरून भाग कमजोर ठरत नाही. मुळात ती भेग रंगात आहे की धातूत, हेच अजून ठरलेले नाही. रंग रसायनाने काढावा, घासून काढू नये, कारण घासताना धातू पसरून भेगेचे तोंड बुजू शकते. मग जागा तेलविरहित करून लाल पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंगीत द्रव) फवारावे, डब्यावर दिलेला वेळ थांबावे, ते कापडाने पुसावे (थेट भेगेवर क्लीनर फवारल्यास आत शिरलेला रंगही धुऊन जातो) आणि वर पांढरा डेव्हलपर (आतला रंग शोषून वर आणणारी पूड) मारावा. भेग धातूत असेल तर तिच्यातला लाल रंग वर येतो आणि ती नेमकी कुठे संपते तेही कळते.

त्यानंतरचा प्रश्न कारणाचा. अनेक गाड्यांत इंजिन हाच फ्रेमचा खालचा दुवा असतो. त्याचे माउंटिंग बोल्ट सैल झाले, तर इंजिनाने उचलायचा भार नळ्यांवर येतो आणि भेग बोल्टपासून दूर, मानेजवळ दिसते. कारण तसेच ठेवून केलेली दुरुस्ती पुन्हा तडकणारच.

दुरुस्ती करताना भेगेच्या टोकापलीकडे छोटे छिद्र पाडून ती थांबवावी, भेग व्ही आकारात पूर्ण खोलीपर्यंत खोदून भरावी आणि वरची पट्टी चौकोनी न ठेवता शंकरपाळ्याच्या आकाराची कापावी, म्हणजे तिचे टोक नळीवर निमुळते होत जाते आणि नळीला आडवी वेल्डची रेघ पडत नाही. बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आधी सोडवावेत. वेल्डिंग यंत्राच्या अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावावा, नाहीतर प्रवाह कोनसेटमधून जाऊन बेअरिंगवर डाग पडतात.

मापनरेषा:
पट्टीचा आकार आपण अचूक सांगितला, पण कारखान्याशी केलेली तुलना पटत नाही. तिथे फ्रेम जिगमध्ये, म्हणजे भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यात, आवळलेली असते. गॅरेजमध्ये एका बाजूने उष्णता दिली की थंड होताना धातू आकसतो आणि हेड पाइप थोडा जरी कलला तरी गाडी एका बाजूला ओढू लागते. दुसरे, वेल्डच्या जोडाचा थकवा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने होणारी झीज) सोसण्याचा टिकाऊपणा मुख्यतः जोडाच्या आकारावर आणि कडेच्या सफाईवर ठरतो. अधिक मजबूत पोलादाची पट्टी लावल्याने तो वाढत नाही. जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १९ व्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते की धातू एका झटक्यात मोडेल त्याहून कितीतरी कमी भारानेही, तो पुन्हा पुन्हा आल्यास, तुटतो. सह्यवाट, आपल्या फ्रेमच्या दुसऱ्या बाजूच्या जोडानेही तेवढेच हेलकावे सोसले आहेत. तो जोड तपासल्याशिवाय एका भेगेचा निकाल लावू नये.

कोकणसडा:
फ्रेम ॲल्युमिनियमची असती तर मी वेल्डिंगला सरळ नकार दिला असता. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यात ती मोठ्या प्रमाणात उतरते. पूर्ण फ्रेमवर ती प्रक्रिया पुन्हा करण्याची सोय साध्या गॅरेजमध्ये नसते.

जुनीदोनचाकी:
'फ्रेम बदला' म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचाही विचार करावा. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्या जुन्या गाडीची नवी फ्रेम आणायची कुठून? भंगारातल्या फ्रेमवर दुसऱ्याच गाडीचा चेसिस क्रमांक असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. मूळ फ्रेम नीट दुरुस्त करणे हाच आमच्यापुढचा सरळ मार्ग आहे, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

सह्यवाट:
पेनिट्रंट चाचणी केली. भेग धातूतच आहे; ती वेल्डच्या कडेने तिरक्या नळीत उतरली आहे, हेड पाइपमध्ये शिरलेली नाही. दुसऱ्या बाजूच्या जोडावर लाल रेघ आली नाही. इंजिनाचा वरचा बोल्ट मात्र सैल निघाला आणि ब्रॅकेटमधले त्याचे भोक लंबगोल झाले आहे. येझदीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते. पण माझ्या गाडीची फ्रेम आजही कंपनीकडून मिळते, त्यामुळे आरटीओची पूर्वपरवानगी घेऊन मी ती बदलणार आहे. सीट रेल किंवा स्टँडचा कान असता तर वेल्ड करून घेतला असता.

भट्टीकाठ:
ही भेग मी निःशंकपणे वेल्ड केली असती, तरी निर्णय आपला आहे. नव्या फ्रेमवर जुना बोल्ट आणि घासलेला ब्रॅकेट मात्र चढवू नका. इंजिन केसिंगवरचे भोकही मोजून घ्या. ते सुद्धा लंबगोल झाले असेल, तर नवा बोल्टही सैल होईल आणि भार पुन्हा त्याच नळीवर येईल. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा आणि पहिल्या सर्व्हिसला टाकी उतरवून तो जोड पुन्हा पाहा.