मदत हवी आहे: पूर ओसरला, विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

गाळवाला: किनाऱ्यावरचं गाव, 30 घरं एकाच विहिरीवर. मूठभर पावडर टाकली तर वाससुद्धा येत नाही. प्रमाण सांगा, उद्या सकाळी टाकायची आहे. ‘उकळून प्या’ हे माहीत आहे, ते नको.

पाणक्या: व्यास किती? पाणी किती फूट? गढूळ आहे का? पावडरीची गोणी कधी फोडली? आणि पाणी नदीचं शिरलं की समुद्राचं?

जुनाखलाशी: इतकी चौकशी कशाला? पंप लावून तळ गाठेपर्यंत उपसा, भरली की पोटॅशियम परमँगनेट टाका. गुलाबी झालं की काम फत्ते.

पाणक्या: ते कॉलऱ्याच्या जंतूंवर चालतं, बाकीच्यांवर फारसं नाही. रंग दिसतो म्हणून लोकांचा भरवसा, एवढंच.

गाळवाला: 10 फूट व्यास, 13 फूट पाणी, गढूळ. गोणी फोडलेलीच आहे. किनाऱ्यावर म्हटलं म्हणजे समुद्राचंच पाणी ना! आता प्रमाण सांगा.

भूजलभिडू: थांबा. समुद्राचं असेल तर तळापर्यंत उपसायचं नाही. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्याची पातळी 1 फूट, तर खाली त्याचा थर साधारण 40 फूट. जोरात उपसा केला की वरची पातळी घसरते आणि खालचं खारं वर चढतं. 2004च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत विहिरी वारंवार उपसण्याचा असाच उलटा परिणाम दिसला. वरचा कचरा आणि गाळ काढा, छोट्या पंपाने हळूहळू उपसा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढायला लागला की पंप बंद. उपसलेलं पाणी विहिरीपासून लांब सोडा, नाहीतर तेच पाझरून परत आत.

जुनाखलाशी: म्हणजे गाळ तसाच ठेवायचा? गाळात क्लोरीन फुकट जातो, हे तरी मान्य कराल.

भूजलभिडू: गाळ काढा असंच लिहिलंय. तळ कोरडा करू नका, हा मुद्दा आहे. भरभर उपसलं तर कच्च्या विहिरीची भिंतही ढासळते. पंपाचं इंजिन आत उतरवू नका, धुराने माणूस आत गुदमरतो. दिवा सोडून बघितला म्हणजे हवा चांगली, असं नाही. त्याने कार्बन मोनॉक्साईड कळत नाही.

घरसंसार: भिंतींना आत्ताच रंग काढू नका. क्षार बाहेर फुटून पोपडे निघतात. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर मीठ परत भिंतीत मुरतं.

गाळवाला: भिंतींचं कोणी विचारलंय? पावडर!!

पाणक्या: व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं फुटांत, गुणिले 22. तुमचे सुमारे 28,600 लिटर. पहिला मोठा डोस लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरा. पावडरीत 25 टक्के क्लोरीन असेल तर 1000 लिटरला 200 ग्रॅम, म्हणजे पावणेसहा किलो. उघड्या गोणीतली पावडर मरते, तुमच्या मुठीला वास न येण्याचं तेही एक कारण. नवी आणा.

पावडर तशीच भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोडी थोडी कालवून पातळ करा, 10 मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी विहिरीत ओता, खालचा चुना बाहेर फेका. बादली-दोराने ढवळा. किमान 12 तास, शक्यतो 24 तास कोणी पाणी भरू नये. मग वास जाईपर्यंत सावकाश उपसा. रोजच्या मात्रेसाठी क्लोरोस्कोप (पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायचा संच) वापरा: अर्ध्या तासानंतर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे.

भूजलभिडू: क्लोरीनने जंतू मरतात, मीठ जात नाही. टीडीएस किती?

गाळवाला: मीटर आणला. 3200.

भूजलभिडू: मग ही पिण्याची नाही. टीडीएस 1000च्या वर गेला की पाण्याची चव बिघडते. उकळलं तर आणखी खारट. सध्या धुण्या-भांड्यांना वापरा, पिण्याचं टँकरने. माणशी दिवसाला एकूण 15 लिटर धरा. 150 माणसं असतील तर 2250. पाऊस मुरेल तसा खारेपणा ओसरेल, दर आठवड्याला मोजत राहा.

गाळवाला: ठीक. टाकीलाही हीच मात्रा?

पाणक्या: टाकी आधी घासा, मग हीच मात्रा. टाकी कशाची आहे, सिमेंटची की पत्र्याची?

जुनाखलाशी: आणि भिजलेली मोटर चालू करू नका. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून मगच.