वयाचा मुद्दा राहिलाच
आदिमानवाच्या काळी झुडपातलं जनावर नजरेतून सुटलं तर जीव जायचा, फळ सुटलं तर फार तर उपास घडायचा, म्हणून मेंदू वाईटाची दखल आधी घेतो, असं सांगितलं जातं, आणि ते पटतं. पण त्यावरून 'माणूस जन्मभर असाच राहणार' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा वाटतो.

मारा मॅथर आणि लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा एक प्रयोग आहे. पडद्यावर क्षणभर दोन चेहरे शेजारी शेजारी: एक निर्विकार, दुसरा भावना दाखवणारा, म्हणजे कधी आनंदी, कधी रागीट किंवा दुःखी. ते गेले की एकाच्या जागी ठिपका उमटतो, आणि तो कुठे आहे ते बटण दाबून सांगायचं. रागीट किंवा दुःखी चेहऱ्याच्या जागी ठिपका आला की वयस्कर मंडळींना जास्त वेळ लागायचा, म्हणजे त्यांची नजर तिथून आधीच हटलेली असायची. तरुणांमध्ये असं काही दिसलं नाही. कार्स्टेन्सनबाईंच्या मते, पुढे उरलेला काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस कशाकडे बघायचं ते निवडून ठरवतो.

म्हातारपणी मेंदू मंदावतो म्हणून असं होत असेल, अशी शंका येईल (मलाही आली होती). पण पुढच्या प्रयोगांत वयस्करांचं लक्ष मुद्दाम दुसऱ्या कामात गुंतवलं, तर हा कल टिकला नाही. म्हणजे वाईटावरून नजर काढायला कष्ट पडतात, ते आपोआप होत नाही. आणि तरी, घरातली वडीलधारी जुने अपमान हसत सांगतात तेव्हा आपण त्यांना सरळ विसरभोळं ठरवून मोकळे होतो!